देठ

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर
बावीस वर्षं मी देठ खुडले.
बाहेरचे लोक येतात, लाल गालिचा म्हणतात,
फोटो काढतात, शिंकत गाडीत बसतात.
आम्ही नाकाला पदर बांधून उकिडव्या.
किलोवर मजुरी.
रात्री हात ताकात बुडवायचे,
आणि लेकराचे डोळे पुसायचे ते मनगटाने,
बोटाने कधीच नाही.

मग तोरणमाळच्या आश्रमशाळेत
स्वयंपाकीण म्हणून घेतलं.
घाटात एसटी वळत गेली, कान बंद झाले,
आणि बोटांची आग कधी विझली
कळलंसुद्धा नाही.
पहिल्याच हिवाळ्यात कळलं.
पौषात इथे बादलीतल्या पाण्यावर
काचेची साय धरते.
वाल्ह्या पहारेकरी ती अलगद उचलतो,
पोरांना त्यातून आपलं वाकडं तोंड दाखवतो.

भाऊ तेरसिंग आसामात ट्रक न्यायचा.
आगपेटीत नऊ बिया घेऊन आला.
'भूत मिरची आहे,' म्हणाला,
'एक खाल्ली तर माणूस नदी शोधत सुटतो.'
पथारीवरची केसरआजी असती तर म्हणाली असती,
'हाई मिरची नही व माय, हाई ते इस्तो शे.'
'इथे नाही यायची,' तो म्हणाला. 'तिला ऊब लागते.'

ऊब म्हटल्यावर मला कोंबडी आठवली.
चुन्याच्या रिकाम्या डबीत ओला कापूस,
कापसात बिया,
आणि डबी श्रावणातल्या खुडूक कोंबडीखाली,
अंड्यांच्या बरोबरीने.
तिने दोनदा चोचीने बाहेर ढकलली.
मी दोनदा आत सारली.
तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघत राहिली
आणि बसली.
एकवीस दिवसांनी अकरा पिलं, चार कोंब.

एक शेळीने खाल्लं.
मी दिवसभर तिच्या मागे पाणी घेऊन फिरले,
तिला काहीच झालं नाही.
पानात आग नसते, हे तेव्हा कळलं.

उरलेली तीन तेलाच्या डब्यांत लावली.
दिवसा उन्हात, रात्री चुलीशेजारी.
पोरं म्हणायची, मावशीची झाडं शाळेत येतात-जातात,
हजेरी घ्या.
मार्गशीर्षात फुलं आली आणि सगळी गळाली.
थंडीत झाड मूल धरत नाही.
मग काडीला कापूस लावून
मी फुलाफुलाला शिवत गेले,
ज्या बोटांनी इतकी वर्षं
फक्त तोडलं होतं.

तळ्यावरून वारा आला त्या रात्री लाइट गेली.
चुलीत राख चाळली, दोन निखारे.
माझी गोधडी मी डब्यांवर टाकली
आणि पोत्यात पाय घालून बसून राहिले.
सकाळी दोन झाडं उकडलेल्या भाजीसारखी.
भिंतीकडचं तेवढं उभं होतं.

माघात त्याला एक मिरची लागली.
एकच. सुरकुतलेली, बोटाच्या पेराएवढी,
आधी हिरवी, मग बरेच दिवस काहीच नाही,
मग एका सकाळी लाल.

त्या संध्याकाळी एकशे चाळीस पोरांची डाळ चुलीवर होती.
बाहेर जामसिंगचे दात वाजत होते,
ताट आधीच हातात.
खुडायला अंगठा आपसूक देठावर गेला,
तिथेच थांबला.
झाडापासून काढली, पण देठासकट.
टोकाला एक चीर दिली,
देठाला धरून पातेल्यात तीन वेळा फिरवली
आणि बाहेर काढली.

पोरं जेवली. नाकं वाहिली, कान लाल झाले,
कुणी स्वेटर काढला.
जामसिंग म्हणाला, 'मावशी, पोटात चूल पेटली,'
आणि पुन्हा ताट पुढे केलं.

मिरची वळचणीला टांगली आहे, वाळते आहे.
आत बिया किती, अजून मोजल्या नाहीत.
कोंबडी या वर्षीही खुडूक होईल.
हात धुतले, तरी रात्री बोटं जळत होती,
बरीच रात्र.
ताक घरात होतं.
मी उठले नाही.